ब्रेकचा दिवा

घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात बाबालाल नावाचा एक मेकॅनिक राहत होता. जुन्या, वेगवान गाड्या दूरदूरहून त्याच्याकडे येत. उमेदीची वर्षं त्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढली होती. मग मॅनेजरशी भांडून त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून एकच वाक्य त्याच्या तोंडी असे, "कंपनीवाले दुरुस्त करत नाहीत, बदलतात."

वसुंधराताईंना हे वाक्य पाठ होतं. त्यांची लाल स्पोर्ट्स कार जुनी झाली तेव्हा कंपनीने सांगितलं होतं, "इंजिन बदला, नाहीतर गाडीच बदला." बाबालालने बॉनेट उघडलं, कान दिला आणि हवेची एक तडकलेली नळी तेवढी बदलली. गाडी पुन्हा वाऱ्यासारखी पळू लागली. ताईंनी ही गोष्ट साऱ्या गावाला सांगितली, आणि बाबालालच्या दारात गाड्यांची रीघ लागली.

एकदा ताई सकाळीच आल्या. ब्रेकचा पिवळा दिवा विझत नव्हता, आणि दुपारी लेकीला घेऊन घाट उतरायचा होता. बाबालालने चाकं काढली, वायरी तपासल्या. दोष त्याला सापडला. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून जे युनिट असतं, तेच गेलं होतं. नवं कुणीही बसवलं असतं, पण ते गाडीशी जुळवायला कंपनीचाच संगणक हवा होता.

बाबालालने फडक्याला हात पुसले. कंपनीत पाठवायचं? कुठल्या तोंडाने?

"अहो, ब्रेक तर लागतोय की," ताई म्हणाल्या. "तेवढा दिवा काढून टाका. उगाच डोळ्यांत खुपतोय."

दिवा काढणं त्याच्या हातचा मळ होता. ताई खूश झाल्या असत्या, गॅरेजचं नावही राहिलं असतं. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. तेवढ्यात ताईंसोबत आलेल्या लेकीने दारातून हाक मारली, "काका, झालं का हो? मला धबधबा बघायचाय!"

स्क्रूड्रायव्हर पेटीत परत गेला.

"ताई, गाडी कंपनीत न्या. आणि दिवा विझेपर्यंत घाटात जाऊ नका."

"कंपनीत? त्या बदलणाऱ्यांकडे?"

"हो. हे काम माझ्याच्याने होणार नाही."

"म्हणजे इतकी वर्षं सगळी बोलाचीच कढी!" चावी घेऊन ताई तरातरा निघून गेल्या.

सहल आठवडाभर लांबली. कंपनीने काम चोख केलं. इकडे गावात मात्र बाबालालचं हसं झालं. "शेवटी कंपनीचेच पाय धरले की," लोक म्हणाले. दारातली रीघ ओसरली.

पुढच्या रविवारी ताई घाट उतरत होत्या. वळणावर अचानक म्हशी आडव्या आल्या. ताईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थरथरली, पण दरीकडे घसरली नाही. म्हशीपासून हातभर अंतरावर ती सरळ उभी राहिली.

"आई, म्हैस बघतेय आपल्याकडे," लेक म्हणाली.

ताईंनी एकदा दरीकडे पाहिलं आणि गाडी हळूच मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी गॅरेजच्या दारात उभी होती.

"आता काय बिघडलं, ताई?"

"काही नाही. ऑइल बदलायचंय."

"ते तर कंपनीतही झालं असतं."

"झालं असतं," ताई चावी पुढे करत म्हणाल्या. "पण ज्याने मला दारातून परत पाठवलं, त्याच्याच दारात गाडी सोडताना मला घोर वाटत नाही."

तात्पर्य: 'हे मला येत नाही' असं जो वेळेवर सांगतो, त्याच्याच 'येतं' म्हणण्यावर विश्वास ठेवावा.