तीन दिवस उकळलेली फळी

एकदा एका प्लायवूडच्या कारखान्यात हर्षला नावाची तरुण रसायनतज्ज्ञ काम करीत होती. लाकडाचे पातळ पापुद्रे रेझिन, म्हणजे चिकटवायचे रसायन, लावून एकावर एक रचायचे आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचे, की फळी तयार होई. खाडीतल्या प्रवासी होडीसाठी अशा फळ्यांची मागणी आली. माणसांच्या जिवाचा प्रश्न, म्हणून अट कडक होती : नमुना सलग तीन दिवस पाण्यात उकळायचा, आणि तरीही एकही पदर सुटता कामा नये.

हर्षलाच्या दोन नमुन्यांचे पदर सुटले. दोन्ही वेळा तिने रेझिन वाढवले. त्याच्या उग्र वाफेने पापुद्रे रचणाऱ्या बायकांचे डोळे चुरचुरू लागले. सुगंधाबाई एकदा म्हणाल्याच, "मॅडम, आता घरी गेलं तरी डोळ्याचं पाणी खळत नाही." हर्षलाला त्या दिवशी घास गेला नाही. रेझिन कमी करावे तर फळी उकलते. वाढवावे तर ही माणसे सोसतात. अखेर तिने कारखान्यातूनच निवृत्त झालेल्या येसाजी मेस्त्रींना बोलावून घेतले.

मेस्त्रींनी रेझिनच्या टाकीकडे पाहिलेही नाही. एका पापुद्र्यावरून हात फिरवला, ओंडका सोलून पापुद्रे काढणारे यंत्र बंद करायला लावले, त्याचे लांब पाते उतरवले आणि आवारात बसून त्याला धार लावू लागले. दिवस मावळला, दुसरा उजाडला. मेस्त्रींचा हात थांबेना.

हर्षला कासावीस झाली. "काका, मुदत पाच दिवसांवर आली. दोष चिकटण्यात आहे, आणि तुम्ही कापण्याला धरून बसलात!"

"पापुद्रे अजून चांगले वाळू द्या," मेस्त्री म्हणाले. "आणि रेझिन पहिल्या मापापेक्षा पाव हिश्श्याने कमी लावा."

"कमी?"

"कमीच."

तिच्या मनाला ते पटेना. पण दुसरा मार्गही उरला नव्हता. धार लावलेले पाते पुन्हा चढवून तिने मेस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे नमुना केला.

नवा नमुना उकळून बाहेर निघाला, तेव्हा सारा कारखाना भोवती गोळा झाला होता. हर्षलाने दोन पदरांच्या मध्ये पटाशी घालून जोर केला. काही हलेना. तिने सगळा भार टाकला. करकर वाजले, ढलपी उडाली. पण फाटले होते ते लाकूड, जोड जिथल्या तिथे होता! सुगंधाबाईंनी ढलपी उंच धरली आणि एकच जल्लोष उसळला. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी मेस्त्रींना खांद्यावर उचलले. हर्षला हसत होती आणि रडतही होती.

गलबला ओसरल्यावर मेस्त्री तिला म्हणाले, "बोथट पाते लाकूड कापत नाही, ओरबाडते. त्या खाचांत तुमचे रेझिन बुडत होते आणि पदर एकमेकांना नीट टेकतच नव्हते. त्यात लाकडात ओल. प्रेसमध्ये तिची वाफ झाली, की जोड उचलला जाई. रेझिन भेट टिकवते, पोरी. भेट आपल्याला घडवावी लागते."

हर्षला बाह्या सरसावून धारेच्या दगडाजवळ बसली.

"धार कशी लावायची, मला शिकवाल?"

मेस्त्रींनी दगडावर पाणी शिंपडले आणि तो तिच्यापुढे सरकवला.