चिखल तुडवणारा राजा

एका राज्यात, जिथे मुठीत धरलेली मातीही बोटांतून निसटून जाई, धवलसेन नावाचा राजा होता. त्याचे पाय कधी जमिनीला लागत नसत. आधी गालिचा अंथरला जाई, मग महाराज चालत. एकदा त्याने धूम्राक्ष मांत्रिकाला दारात उन्हात ताटकळत ठेवले. मांत्रिकाने रागाच्या भरात राजकन्या सुवेणीला मासोळी करून पाण्याच्या घंगाळात टाकले.

"बागेत तळे कर," तो म्हणाला. "टेकडीवरचा झरा ओहोळाने त्यात आण. सात दिवस त्यात पोहली, तर मुलगी परत मिळेल. नाहीतर घंगाळातच मरेल."

राजाने खोल खड्डा खणवला. दुपारपर्यंत कडा आत ढासळल्या. मग दगडी फरशी बसवली. खालची वाळू सरकली, सांधे उघडले, हजार घागरी पाणी गडप! इकडे घंगाळात सुवेणीचे खवले फिके पडत चालले. राजाला रडू आले, पण तो हटला नाही.

तेव्हा खड्ड्याच्या काठावर बसलेली एक टिटवी बोलली, "महाराज, जिचे मडके गळत नाही तिला विचारा."

म्हातारी रेवा कुंभारीण आली. "कडा उतरत्या करा. वर हातभर चिकणमाती घाला आणि लोण्यासारखी होईतो तुडवा."

"शंभर माणसे लावतो."

"ही वाळूही त्या मांत्रिकाने मंतरली आहे. भाड्याच्या पायांना दाद देणार नाही. ज्याची मुलगी, त्यानेच तुडवावे."

राजाने जोडे काढले. पहिल्या दिवशी पायांना फोड आले, दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले, तिसऱ्या दिवशी पाय आहेत की नाहीत तेच कळेना. रेवा काठावरून ओरडे, "टाच दाबा, महाराज! नाचायला आला नाहीत!"

आता घागरींनी ओतलेले पाणी तळ्यात टिकले. पण ओहोळ सोडला, तर पाणी निम्म्या वाटेतच जिरले. घाईत ओहोळाच्या तळाला माती घालायचीच राहिली होती!

"महाराज, आता पुरे," प्रधान म्हणाला.

"माझी मुलगी मरते आहे, प्रधानजी," राजा म्हणाला आणि ओहोळात चिकणमाती घालत टेकडीपासून तळ्यापर्यंत पाऊल पाऊल तुडवत निघाला. त्यानंतर चौथ्या दिवशी झरा खळखळत तळ्यात उतरला. राजाने स्वतःच्या हातांनी मासोळी पाण्यात सोडली आणि सात दिवस काठावरून उठला नाही.

सातव्या दिवशी सुवेणी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तुडवत होता ते घंगाळात मला ऐकू येत होते. म्हणून मी तग धरला."

शाप तुटला, राज्यातली वाळू स्थिरावली. ऐकणाऱ्यांच्या घरीही पाणी टिकून राहो.