पिंगळ्याची मान

पक्ष्यांना एकमेकांची टिंगल करायला भरपूर वेळ असायचा, त्या काळातली गोष्ट. एका आंब्याच्या ढोलीत पिंगळा राहायचा. त्याचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले, ते काही फिरायचे नाहीत. म्हणून झेप घेण्याआधी तो मान वर-खाली, इकडेतिकडे हलवायचा. मान हलली की जवळचा उंदीर जास्त सरकलेला दिसे, मागचा दगड कमी, आणि त्यावरून उंदीर किती लांब आहे ते त्याला उमगे.

शेजारच्या बाभळीवरच्या सातभाईंना तेवढीच करमणूक. रोज संध्याकाळी ते ओरडत, "सांगा नंदीबैल, पाऊस पडेल का?"

पिंगळा थकला होता. पिल्लांची पोटं भरून थकला होता आणि या हसण्याने त्याहून जास्त. एका संध्याकाळी त्याने मान ताठ धरली. सातभाई गप्प बसले. त्याला फार बरं वाटलं. मग खाली उंदीर दिसला, त्याने झेप घेतली आणि पंजात नुसती माती आली. पुन्हा झेपावला, पुन्हा माती.

तो रिकामाच परतला. ढोलीत पिल्लांनी कालवा केला होता. पिंगळीण दमल्या आवाजात म्हणाली, "अहो, त्यांना गप्प केलंत खरं. आता यांना करा."

पिंगळा फांदीवर जाऊन बसला. गवतात उंदीर हलला आणि थांबला.

पिंगळ्याची मान हलू लागली तशी बाभळ खिदळली, "सांगा नंदीबैल, पिल्लं आज जेवतील का?"

पिंगळ्याने एकदा नीट मान वर-खाली केली आणि झेप घेतली.