सोमाराणीचा रांजण

पूर्वी कदंबपूर नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव सुनेत्र. वडिलांच्या पश्चात ते राजवैद्य झाले. राजवाड्यातले काम आटोपले की ते वेशीबाहेर वडाखाली बसत आणि ज्यांना कोणी विचारीत नाही अशा आजाऱ्यांना तपासत. पावसाळ्यात ती माणसे चिखलातच निजत. त्यांच्यासाठी एक आरोग्यशाळा व्हावी, चार भिंती आणि वर छप्पर असावे, एवढीच एक इच्छा सुनेत्रांनी मनाशी धरली होती.

राजाची राणी सोमा ही गंधगिरीवरची. आकाश निवळले की नगराच्या उत्तरेला तो पर्वत दिसे. लग्न होऊन सोमा आपल्या पायांनी तो उतरली, तेव्हा तिची आई शेवटच्या वळणापर्यंत सोबत आली होती. त्यानंतर सोमा परत वर गेली नाही. आधी राज्यावर परचक्राचे सावट होते, मग राजाची आई अंथरुणाला खिळली होती. ते सारे सरले तोवर राणीचे शरीर इतके जड झाले होते की अंगणातून वाड्यात येतानाही तिला दम लागे.

दरवर्षी बर्फ वितळले की वरची माणसे मीठ घेऊन नगरात उतरत. त्यांच्याबरोबर आईचा निरोप येई, "यंदा येतेस का?" आणि दरवर्षी राणी सांगे, "पुढच्या वर्षी." एका वर्षी मीठ आणणारी बाई निरोप सांगून थोडी घुटमळली.

"काय गं?" राणीने विचारले.

"आई आता दारातच बसते, बाईसाहेब," ती म्हणाली. "डोळे गेलेत तिचे. वाटेने कोणी आलं की त्याचं तोंड हाताने चाचपते. मग म्हणते, ही नव्हे."

राणी त्याच आठवड्यात निघाली. पण पहिल्याच चढावर तिचा श्वास पुरेना आणि गुडघे भरून आले, म्हणून ती पालखीत बसली. पुढे वाट कड्यात खोदलेल्या पायऱ्यांची होती. तिथे एका माणसालाही अंग चोरून जावे लागे. भोयांनी वर पाहिले आणि पालखी खाली ठेवली. राणी एका दगडावर बराच वेळ बसून राहिली, मग परतली.

दुसऱ्या दिवशी तिने सुनेत्रांना बोलावले. "वैद्यराज, मला वर जायचं आहे. आई आहे तोवर. हे शरीर तेवढं हलकं करून द्या."

सुनेत्रांनी नाडी पाहिली आणि ती काय खाते ते विचारले. राणीने माहेरच्या पद्धतीचा स्वयंपाक करायला पाकशाळेत शिकवले होते. तुपात मळलेले सातूचे गोळे, आटवलेले दूध, मधात बुडवलेले अक्रोड. तिच्या दालनात हे सारे दिवसभर झाकून ठेवलेले असे.

"भूक नसते मला," राणी म्हणाली. "पण घास जिभेवर असतो तेवढा वेळ मी आईच्या चुलीपाशी असते. गिळला की पुन्हा इथे. म्हणून दुसरा घेते."

ही दिवसभर खाते म्हणून जड झाली, असे इतरांसारखेच सुनेत्रांनाही वाटले. त्यांनी तिला दिवसातून दोनदाच जेवायला सांगितले. राणीने ते निष्ठेने पाळले. महिना उलटल्यावर तिला कोठारातल्या धान्य जोखायच्या मोठ्या तराजूत बसवले. दुसऱ्या पारड्यात तांदळाची पोती उपचाराआधी जोखले तेव्हा लागली होती तितकीच लागली.

तेवढ्यात एका फिरत्या तपस्व्याने राणीला सांगितले, की थोडे थोडे पण वारंवार खावे, म्हणजे पोटातला अग्नी विझत नाही आणि चरबी जळते. सुनेत्रांना खात्री नव्हती, पण करून पाहायला हरकत नाही असे ते म्हणाले. लहान लहान वाट्या आल्या आणि प्रहराप्रहराला राणी त्यातून खाऊ लागली. पुढच्या वेळी तिचे पारडे आणखी जरासे खाली गेले. राणी तराजूतून उतरली आणि कोणाकडे न पाहता आपल्या दालनात निघून गेली.

सुनेत्र त्या दिवशी वडाखाली गेले नाहीत. ते घरी विचार करीत बसले. मग त्यांनी राणीकडे दोन लहान रिकामे रांजण पाठवले आणि विनंती केली, की एक दिवस दोनदाच जेवावे आणि एक दिवस वाट्यावाट्यांनी खावे, मात्र जे जे तोंडात जाईल तितकेच त्या दिवसाच्या रांजणात टाकावे. दूधही, मधही, बोटावर चाखलेले तूपही.

दोन्ही दिवस झाल्यावर ते आले. राणीने रांजणांवरची झाकणे काढली. दोन्ही गळ्यापर्यंत भरले होते. वर तुपाचा थर तरंगत होता.

"हे सगळं माझ्यात गेलं?" राणीने हळूच विचारले.

"हो, देवी. मीही चुकलो. मी वेळा मोजत होतो. तोंड किती वेळा उघडलं, हे शरीर लक्षात ठेवत नाही. दिवसभरात आत किती आलं आणि हातापायांनी किती खर्च केलं, एवढंच त्याला कळतं. दोनदा जेवा नाहीतर दहादा, रांजण भरला तो भरलाच."

"मग मी किती वेळा जेवू?"

"ज्यात तुमचं मन शांत राहील तितक्या वेळा. फक्त रांजण थोडा रिकामा राहू द्या. एकदम नको. आज एक पळी कमी, अंगवळणी पडलं की आणखी एक. आणि रोज थोडं चाला."

राणी रांजणाच्या काठावरून बोट फिरवीत राहिली. "आणि आईची आठवण आली की?"

"त्याला माझ्याकडे औषध नाही," सुनेत्र म्हणाले. "ती येऊ द्या. तिला घास देऊ नका, एवढंच सांगू शकतो."

तेव्हापासून मन ओढ घेई तेव्हा राणी तटाच्या बुरुजावर चढून उत्तरेकडे पाहत उभी राही. आठवण तशाने कमी झाली नाही. उलट, पूर्वी ती गोड घासाखाली दबून राही, आता उघडी पडली. कित्येकदा राणी बुरुजावर रडली. पण रडून ती जिना उतरे आणि संध्याकाळी ठरल्याइतकेच जेवे. असे करता करता बुरुजाचा जिना ती न थांबता चढू लागली. कोठारात दुसऱ्या पारड्यातून आधी एक पोते काढावे लागले, काही महिन्यांनी आणखी एक.

हे राजाच्या लक्षात आले. एके सकाळी त्याने सुनेत्रांना उद्यानात बोलावले.

"राणी बरी दिसते," राजा म्हणाला.

"होय, महाराज."

"वर चढून जाईल?"

"पुढच्या उन्हाळ्यात जाईल असं वाटतं."

"आणि परत येईल?"

"ते मला ठाऊक नाही."

राजा तळ्याकडे वळला. "ती इथे आली त्या दिवसापासून मी तिला त्या पर्वताकडे बघताना पाहतो आहे, सुनेत्र. माझ्याकडे तिने तसं कधी पाहिलं नाही. ती जड झाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता जाणार नाही असं वाटलं." मग तो म्हणाला, "तुझ्या वडाखाली आरोग्यशाळा बांधू. तुला हवी तेवढी मोठी. तू फक्त तिला सांग, की अशक्तपणा येतो आहे, खाणं वाढवायला हवं. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

सुनेत्रांच्या डोळ्यांपुढे चिखलात निजलेली माणसे आली. त्यात एक म्हातारा होता, जो त्याच पहाटे थंडीने वारला होता.

"महाराज," ते शेवटी म्हणाले, "ती शाळा मला हवी आहे. किती हवी आहे ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच आपण ती पुढे केलीत. पण जी शाळा मिळवायला मी खोटं औषध दिलं, तिथे दुसऱ्या कोणाला खरं कसं देऊ? राणीसाहेबांना मी खोटं सांगणार नाही."

"मग उद्यापासून वाड्यात येऊ नकोस."

सुनेत्रांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले. राणीला त्यांनी काही कळवले नाही.

वैद्य येईनासे झाले तरी राणीने आपला क्रम सोडला नाही, कारण रांजण तिने स्वतः पाहिला होता. राजाने मात्र नवे आचारी आणवले. रोज तिच्यापुढे सातूचे गोळे आणि आटवलेले दूध येई, पूर्वीपेक्षा सुगंधी, पूर्वीपेक्षा माहेरचे. राणी त्यातले थोडे खाई आणि बाकीचे परत पाठवी. एके दिवशी राजा स्वतः ताट घेऊन आला आणि तिच्यासमोर बसला.

"हे रोज कोण पाठवतं, मला माहीत आहे," राणी म्हणाली. "वैद्यराज का येत नाहीत, तेही आता कळलं."

राजाने ताट तिच्यापुढे सरकवले.

"महाराज, मला जडपणाने बांधून ठेवलंत तर मी इथे राहीन. पण तशी तर मी इतकी वर्षं इथे आहेच. आपल्याला मी भेटले का?"

राजाने मान खाली घातली. ताटातल्या वाटीवर साय धरेपर्यंत तो तसाच बसला होता. मग त्याने ताट उचलून बाजूला ठेवले. "बर्फ वितळलं की जा," तो म्हणाला. "शेवटच्या वळणापर्यंत मी येतो."

त्याच दिवशी राजा पायी वेशीबाहेर गेला आणि वडाखाली बसलेल्या सुनेत्रांची त्याने क्षमा मागितली.

उन्हाळ्यात राणी कड्यातल्या पायऱ्या चढून गेली. ती वारंवार थांबत होती, पण मागे वळली नाही. आई दारात बसलेली होती. पावले वाजली तशी तिने हात पुढे केले. कपाळ, नाक, हनुवटी असे सारे सावकाश चाचपले. मग हात थांबला.

"किती उशीर केलास, पोरी," आई म्हणाली, आणि चाचपडत चुलीकडे गेली. तिने ताट शिगोशीग भरले. सोमा ते सगळे जेवली, अगदी निर्धास्त. एका दिवसाच्या जेवणाने शरीराचे काही बिघडत नाही, हे तिला आता कळत होते.

पाने गळू लागली, तरी राणी उतरली नाही. बर्फ पडले आणि वाट बंद झाली. खाली कदंबपुरात राजा रोज बुरुजावर उभा राहू लागला. त्याचे अन्नावरचे मन उडाले, कपडे अंगावर ढिले झाले. सुनेत्र रोज त्याच्या ताटाजवळ येऊन बसत आणि म्हणत, "आणखी एक घास, महाराज." राजा कधी घेई, कधी नाही. "ती इतकी वर्षं हे कसं सोसत होती?" असे त्याने एकदा विचारले. वडाजवळ तेव्हा भिंती उभ्या राहत होत्या. राजाने बदल्यात काही न मागता ते काम सुरू करवले होते.

बर्फ वितळल्यावर मीठ आणणाऱ्या माणसांबरोबर सोमा उतरली. राजा शेवटच्या वळणावर उभा होता. आई हिवाळ्यात गेली, असे तिने सांगितले. मुलीच्या मांडीवर डोके ठेवून गेली होती.

"वाटलं होतं, तू आता येणार नाहीस," राजा म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण आई गेल्यावर मी रोज दारात बसू लागले, तर नजर खालीच जायची. धुक्यात आपलं नगर दिसतं का बघायची." ती पर्वताकडे वळून पाहू लागली. "आता दोन्हीकडची ओढ राहील मला. ती काही जायची नाही."

राजाने तिच्या हातातले गाठोडे घेतले. दोघे सावकाश नगराकडे चालू लागले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात तिंबरू नावाच्या भिक्षूला उद्देशून सांगितली. तो नियमाप्रमाणे एकदाच जेवत असे, तरी त्याचे शरीर जड होत चालले होते, आणि दूर देशी राहणाऱ्या आपल्या वृद्ध आचार्यांच्या भेटीला त्याला जाता येत नव्हते. एकदाच जेवणारा जड कसा होतो, असा इतर भिक्षूंना प्रश्न पडला होता. कल्याणी नावाची उपासिका मायेने त्याचे भिक्षापात्र रोज काठोकाठ भरीत असे, आणि आचार्यांच्या आठवणीत तो ते संपवीत असे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची सोमाराणी म्हणजे हा तिंबरू. तिला ताटाने बांधू पाहणारा राजा म्हणजे उपासिका कल्याणी. दारात वाट पाहणारी आई म्हणजे तिंबरूचे आचार्य. ते अजून वाट पाहत आहेत. आणि लोभाच्या क्षणीही खरे तेच सांगणारा वैद्य सुनेत्र म्हणजे मीच होतो."

दुसऱ्या दिवसापासून तिंबरूने आपले पात्र अर्धेच भरू दिले, आणि तो रोज थोडे चालू लागला. राणीने जोपासला आणि तिंबरूने ऐकून घेतला तो गुण म्हणजे मात्रज्ञता, आपल्याला किती पुरे हे ओळखणे. वैद्याने जपले ते सत्य.