मणी न सोडणारा कण

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखवा बघू! लई वर्सांमागं औषधाच्या कारखान्यात रसातनं औषध येगळं काढायची, मण्यांनी भरलेली काचेची नळी होती. गढूळ रसासंगं औषधाचा इवलासा कण तिच्यात शिरला आणि एका मण्याला घट्ट बिलगला.

वरनं धुवायचं पाणी सुटलं. वाहून चाललेली घाण खिदळली, "चल की गड्या मोरीत! एकटाच काय लोंबकळतोस?"

"आजारी पोरीच्या सुईत जायचंय मला. मोरीत गेलो तर तिला कोण वाचवंल?" म्हणत कण नेटानं चिकटून राहिला.

सारी घाण गेली. मग खारं पाणी आलं नि म्हणालं, "सोड आता मणी."

"जीव गेला तरी न्हाई!"

"अरं येड्या, पोरगी काय मणी चाटणार हाय?"

कण वरमला, मणी सोडला आणि नितळ होऊन बाटलीत उतरला. सुई टोचली नि पोरगी बरी होऊन लंगडी खेळाया लागली.

तुमी का बसलाय चिकटून? पळा आता!