टिंगूचं एकट्याचं बोर

एक होता टिंगू. सातभाई पक्ष्यांतला सगळ्यांत धाकटा. सातभाई कधी एकटे नसतात. जिथे एक, तिथे सगळे. आणि सारखी कलकल, कलकल!

एकदा टिंगूला सापडलं बोर. लालबुंद बोर! टिंगू म्हणाला, "कुणाला सांगायचंच नाही. मी एकटाच खाणार!"

टुणुक टुणुक लांब गेला. चोच उघडली, आणि बोर निसटलं. गडगड गडगड... पडलं खड्ड्यात! तेवढ्यात आलं अस्वल. खड्ड्यावरच बसलं. बद्द!

"अस्वलमामा, अस्वलमामा, उठ ना! बोर मिळेना."

"मी एकटा राहतो. मला काय त्याचं? नाही उठत, जा!"

टुणुक टुणुक टिंगू गेला बिबट्याकडे.

"बिबट्या, बिबट्या, गुरगुर ना! अस्वल उठेना, बोर मिळेना."

"मीही एकटा राहतो. मला काय त्याचं? नाही गुरगुरत, जा!"

टुणुक टुणुक टिंगू गेला गव्यांकडे. केवढा मोठ्ठा कळप!

"गव्यांनो, गव्यांनो, धावा ना! बिबट्या गुरगुरेना, अस्वल उठेना, बोर मिळेना."

"आम्ही कळपानं राहतो. आजी धावली, तर आम्ही धावू. आजी करतेय रवंथ. नाही धावत, जा!"

टुणुक टुणुक टिंगू गेला वानरांकडे.

"वानरांनो, वानरांनो, नाचा ना! गवे धावेनात, बिबट्या गुरगुरेना, अस्वल उठेना, बोर मिळेना."

"आम्ही टोळीनं राहतो. हुप्प्या नाचला, तर आम्ही नाचू. हुप्प्या घेतोय उवा काढून. नाही नाचत, जा!"

आता कुणाकडे जायचं? टिंगू एवढासा. टिंगू एकटा. टिंगूला आलं रडू.

कलकल, कलकल! आली की सगळी भावंडं!

"अरे टिंग्या, होतास कुठे? किती शोधलं तुला!"

"दादा, वानरं नाचेनात, गवे धावेनात, बिबट्या गुरगुरेना, अस्वल उठेना, बोर मिळेना!"

"असं होय? चला रे!"

सगळे बसले हुप्प्याभोवती. कलकल, कलकल, कलकल! हुप्प्याचे कान किटले.

हुप्! हुप्प्या नाचला. वानरं नाचली, धडाधड. आजी दचकली. आजी धावली. गवे धावले, दणादण. बिबट्या चिडला. गुर्रर्र! अस्वल उठलं.

"छे! इथे एकटं बसायची सोयच नाही!" म्हणालं, आणि गेलं डुलत डुलत.

टिंगूनं बोर काढलं. सगळी भावंडं बोराकडे बघत बसली. आज पहिल्यांदाच गप्प!

दादा म्हणाला, "तुझं बोर. तू खा."

टिंगूनं एक चोच मारली. अहाहा, गोऽऽड! मग म्हणाला, "घ्या ना तुम्हीपण!"

एक चोच दादाची, एक चोच ताईची, एक एक चोच सगळ्यांची. आणि पुन्हा कलकल, कलकल!

बोर गेलं पोटात, टिंगू बसला घोळक्यात, आणि आपण पांघरुणात!