येसूमावशीचा ब्रेक

ही गोष्ट फार लांबची नाही आणि फार जुनीही नाही. एका जंगलात एक गवा राजा होता. तो निवडून आलेला राजा होता. दोनदा निवडून आला होता, आणि तिसऱ्यांदाही आपणच येणार हे त्याने आधीच जाहीर करून टाकलं होतं, म्हणजे प्रजेला उगाच विचार करायचा त्रास नको.

राजाची घोषणा होती, "पुढेच पुढे!" मागे जाणं त्याला बिलकूल मान्य नव्हतं. शाळेत उलटे आकडे म्हणायला त्याने बंदी घातली होती. खेकडे तिरके चालतात म्हणून त्यांचा मतदानाचा हक्क चौकशी होईपर्यंत रोखून ठेवला होता. आणि पायी चालणं हे मागासलेपणाचं लक्षण असल्याने प्रत्येक प्राण्याने गाडी घ्यावी, असा वटहुकूम काढला होता. गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं काम एकाच शोरूमकडे होतं. ते शोरूम राजाचा मित्र रानडुक्करशेठ याचं होतं. दोन शोरूम असली की भांडणं होतात, असं राजाचं प्रामाणिक मत होतं.

येसूमावशी ही घोरपड. जंगलाची सुईण. स्वतः अंडी घालणारी, पण पोटात पिल्लू असणाऱ्यांची बाळंतपणं तिच्याइतकी कुणाला जमत नसत. दवाखाना खिंडीखाली पाण्याजवळ होता आणि वस्ती वर पठारावर, त्यामुळे तिची गाडी सदा उतारावर. गाडी तशी गुणी होती. फक्त हॉर्न बसला होता. दाबला की म्हाताऱ्याने खाकरावं तसा आवाज यायचा. म्हणून तिने गाडी शोरूमला दिली.

काउंटरवर एक उदमांजर होतं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाजात मध.

"मॅडम, तुम्ही गाडी देत नाही आहात, विश्वास देत आहात," असं म्हणून त्याने जॉबकार्ड भरलं. त्यात लिहिलं, 'हॉर्न दुरुस्त करणे.' येसूमावशीने खाली पंजा उठवला.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. धुतलेली, आत मोगऱ्याचा वास मारलेला, पुढच्या काचेवर राजाचं एवढं मोठं चित्र चिकटवलेलं की रस्ता त्याच्या दोन शिंगांच्या मधून बघावा लागे.

"कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हं, मॅडम," उदमांजर म्हणालं. "नऊ दिले तरी आमचा पगार कापतात."

मावशीने दहा दिले. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावजी ससा धापा टाकत आला. त्याच्या बायकोला, मंजुळाला, कळा सुरू झाल्या होत्या. मावशीने दोघांना मागच्या सीटवर घातलं आणि गाडी हाणली. खिंडीचा उतार लागला. पहिल्या वळणावर तिने ब्रेक दाबला.

"पुढेच पुढे!" हॉर्न गरजला.

गाडी थांबली नाही. मावशीने पुन्हा दाबला.

"पुढेच पुढे!"

जितका जोर लावावा तितकी घोषणा मोठी. रस्त्याकडेच्या प्राण्यांना वाटलं, प्रचाराची गाडी आहे. त्यांनी हात उंचावून उलट घोषणा दिल्या. एका माकडाने फुलं उधळली. मागे मंजुळा किंचाळत होती, धावजी डोळे गच्च मिटून बसला होता, आणि मावशी दोन शिंगांमधून दिसेल तेवढा रस्ता धरून गाडी वळवत होती. शेवटी तिने गाडी म्हशींच्या दलदलीत घातली. तिथे ती रुतली आणि थांबली.

सहा पिल्लं चिखलातच झाली. पाच रडली. सहावं रडेना. मावशीने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातला चिखल काढला आणि एवढीशी छाती दोन बोटांनी दाबत राहिली. बऱ्याच वेळाने ते शिंकलं.  मग मावशी तशीच चिखलात बसली.

दोन म्हशींनी गाडी ओढून काढली आणि शोरूमच्या दारात आणून सोडली. मावशी काउंटरवर गेली.

"मॅडम, तुम्ही गाडी कशासाठी दिली होती?" उदमांजराने मधाळ आवाजात विचारलं.

"हॉर्नसाठी."

"हॉर्न वाजतो?"

"ब्रेक दाबला की वाजतो."

"म्हणजे वाजतो." त्याने जॉबकार्डावर टिचकी मारली. "मग आमच्या कामाबद्दल तर तक्रार नाही ना?"

"अरे बाबा, ब्रेक कुठाय?"

"गाडीला ब्रेक होता असं या कागदावर कुठं लिहिलंय?"

"गाडीला चाकं होती असं तरी कुठं लिहिलंय?"

उदमांजराने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "तेही तपासावं लागेल," ते म्हणालं आणि तशी नोंद केली. मग हळूच पुढे वाकलं. "आणि खरं सांगू का, मॅडम? आजवर हजारो गाड्या गेल्या इथून. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मावशी क्षणभर वरमली. आपलंच काही चुकलं असेल का? पाय भलतीकडे पडला असेल का? पण मग तिला ते शिंकलेलं पिल्लू आठवलं. तिने दोन्ही पंजे काउंटरच्या कडेत रोवले. घोरपड एकदा चिकटली की निघत नाही, हे उदमांजराला शाळेत शिकवलं होतं, पण तो भाग परीक्षेला नव्हता.

मावशी चार दिवस तिथेच चिकटून होती. बाकावर येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, "तुझं काय रे?"

साळिंदराने चाक बदलायला दिलं होतं. त्याला मागची सीट उलटी बसवून मिळाली होती. अस्वलाने दिवा दिला होता. आता दिवा लावला की दारं उघडत होती. रानमांजरीच्या गाडीत दुसऱ्याचंच इंजिन निघालं. आणि ब्रेक तर कुणाच्याच गाडीला उरला नव्हता. या साऱ्यांनी दहापैकी दहा दिले होते. या साऱ्यांना सांगितलं होतं की अशी तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच.

"तेवीस पहिले झाले," मावशी म्हणाली. तेवीस जणांनी मिळून राजाला अर्ज दिला.

राजाने दरबार भरवला. "माझ्या लाडक्या वन्यबांधवांनो!" तो गरजला. "ब्रेक कुणाला हवा असतो? ज्याला थांबायचं असतं त्याला! या जंगलाला कोण थांबवू पाहतंय, मला सांगा!" सगळ्यांनी मागे वळून मावशीकडे पाहिलं.

"महाराज, मला जंगल थांबवायचं नाही," मावशी म्हणाली. "मला दवाखान्यापाशी थांबायचंय."

यावर टाळ्या पडल्या नाहीत. मात्र राजा न्यायी होता. त्याने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्षपद रानडुक्करशेठला दिलं. स्वतःच्या शोरूमची चौकशी स्वतः करणं बरं दिसत नाही, असं म्हणून शेठने ते नम्रपणे नाकारलं आणि धाकट्या भावाचं नाव सुचवलं. समितीचा अहवाल आठवड्यात आला. ब्रेक निकामी होण्याचं कारण म्हणजे प्राणी ते दाबतात, असं त्यात साधार सिद्ध केलेलं होतं. उपाय म्हणून जंगलातले सगळे उतार रद्द करण्यात आले. तशा पाट्या लागल्या. खिंडीच्या तोंडाशी लिहिलं होतं, 'हा रस्ता सपाट आहे. हुकमावरून.'

मावशीची गाडी शोरूमच्या आवारातच राहिली. बाळंतपणांना ती पायी जाऊ लागली. मागासलेपणाबद्दल तिला दोनदा नोटीस आली. दोन्ही नोटिसा तिने जपून ठेवल्या, कारण पाठकोऱ्या होत्या.

मग निवडणूक आली. राजाची मिरवणूक खिंडीतून निघायची ठरली. त्यासाठी राजाची गाडी आदल्या दिवशी शोरूममध्ये नेऊन चकाचक करून आणली होती. खिंडीखाली रस्त्याच्या मधोमध गर्दी दाटली. धावजी सहा पिल्लांना घेऊन पुढे उभा होता. प्रत्येकाच्या हातात झेंडा.

वरून आवाज आला, "पुढेच पुढे!"

गर्दीने उत्तर दिलं, "पुढेच पुढे!"

वरून पुन्हा, जास्त मोठ्याने. मग पुन्हा. मग थांबतच नाही, एकामागून एक, रडकुंडीला आल्यासारखं. लोक हरखून नाचू लागले. एवढा उत्साह राजाने आजवर दाखवला नव्हता. गर्दीत एकट्या येसूमावशीला कळलं की तो उत्साह नाही. राजा ब्रेक दाबतोय.

क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला वाटलं, येऊ दे खाली. मग तिला झेंडा धरलेली सहा पिल्लं दिसली.

"रस्त्यातून व्हा बाजूला!" ती ओरडली. कुणी हललं नाही. राजाची वाट कोण सोडणार? तेव्हा तिने शेपटी फिरवली. घोरपडीच्या शेपटीचा फटका चाबकासारखा असतो. सशांना, माकडांना, अस्वलाला, समोर येईल त्याला फोडत तिने गर्दीत वाट पाडली. धावजीच्या कानफटातही एक बसला. तो पिल्लांना घेऊन कडेला कोलमडला आणि त्याच जागेवरून राजाची गाडी सूं करून गेली, ती थेट म्हशींच्या दलदलीत.

शिंगांपर्यंत चिखलाने भरलेला राजा गाडीच्या टपावर चढला. सगळं जंगल श्वास रोखून बघत होतं.

"मी चिखलात उतरलोय," राजा म्हणाला, "कारण माझी प्रजा चिखलात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीला मात्र मिरवणुकीत मारहाण केल्याबद्दल समज देण्यात आली.

पण दुसऱ्याच दिवशी शोरूमची मागची खोली उघडली. तिथे छतापर्यंत ब्रेक रचून ठेवले होते. सगळ्यांच्या गाड्यांतून काढलेले. त्यांना रंग दिला गेला, प्रत्येकावर राजाचं चित्र लागलं आणि 'राजा ब्रेक भेट योजना' जाहीर झाली. मांडव पडला. प्राण्यांनी रांगेने यायचं, ब्रेक घ्यायचा, पावतीवर पंजा उठवायचा. पावतीवर लिहिलं होतं, 'ही भेट मिळाल्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे.'

येसूमावशीचा नंबर आला. रंग ताजा असला तरी तिने आपला ब्रेक ओळखला.

"ही भेट नाही," ती उदमांजराला म्हणाली. "हा माझाच आहे. तुम्ही चुकून काढला होता. कागदावर 'चूक दुरुस्त केली' असं लिही."

"मॅडम, तसा रकानाच नाही हो."

मावशीने पंजे टेबलाच्या कडेत रोवले. मागे रांग थांबली. मंचावर राजा खोळंबला, फोटोवाले खोळंबले. रानडुक्करशेठने डोळे वटारले. उदमांजराला घाम फुटला. शेवटी त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पावतीच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात लिहिलं, 'चूक दुरुस्त केली.' साऱ्या जंगलात तशी पावती एकच निघाली. मावशीने समोर उभं राहून ब्रेक बसवून घेतला, काचेवरचं चित्र खरवडून काढलं आणि रिकामी गाडी घेऊन खिंडीच्या उताराला लागली. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी थांबली, काही न बोलता. 

निवडणुकीत राजा पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला.

निकालानंतर मावशीने धावजीला अडवलं. "धावजी, तू तरी?"

"तसं नाही मावशी," धावजी कान खाजवत म्हणाला. "चुका कुणाच्या होत नाहीत? पण तूच सांग, याच्या आधीच्या कुठल्या राजाने आपल्याला ब्रेक वाटले होते?"